सरस गल्लीतलं पातेलं

शहरातलं जे कुणालाच माहीत नाही ते सगळं आमच्या मामाला माहीत आहे, असं मामाच सांगतो. मोठा मनोरा, राजवाडा, तळं हे बाकीच्या गाइडांना आंदण. मामा पाहुण्यांना नेतो जुन्या छापखान्याच्या तळघरात, घड्याळवाल्यांच्या बोळात आणि शेवटी सरस गल्लीत. तिथे पूर्वी जनावरांची हाडं नि कातडी उकळून सुतारांसाठी चिकट सरस करायचे. नववीत गेल्यापासून रविवारी या गल्लीची माहिती मी सांगते. चारचौघांत बोलायची मला भीती वाटत नाही, हा शोध याच वर्षी लागला. तेव्हापासून माझं तोंड बंद होतच नाही.

पण खरं सांगायचं तर गल्लीत आता कुणीच सरस करत नाही. शेवटची भट्टी आई शाळेत असताना विझली. मात्र एका पाहुण्याने मामाला लिहून कळवलं, 'गल्ली छान, पण वास अपेक्षेइतका नव्हता.' झालं! मामाने खाटकाकडून कातड्याचे तुकडे आणले आणि शेगडीवर पातेलं चढवलं. शनिवारी चढतं, रविवारी दुपारपर्यंत रटरटतं. वर करडा फेस, फेसात केस. ढवळायचं मी. मामा गल्लीच्या तोंडाशी, वारा पाठीवर घेऊन उभा.

पातेल्याच्या बरोबर वर मावशीची खोली. मामाची सख्खी बहीण हो! ती कपडे शिवते. या रविवारी सकाळी तिच्याकडे डॉक्टरीणबाई आल्या. नवा कोट नाकाशी नेला आणि हात लांब केला.

"याला मेलेल्या उंदराचा वास येतोय. पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडे शिवून घेईन. आमच्या दवाखान्यातल्या बाकीच्या जणीही."

त्या गेल्यावर मावशीने कोट तिसऱ्यांदा भिजवला.

"मामाला बोल ना गं!" मी म्हणाले.

"बोलले. म्हणाला, खिडकी लाव."

"मग?"

"लावली."

"धन्य आहेस!"

दुपारी बारा पाहुणे आले. नाकाला अत्तराचे रुमाल, तरी पातेल्यात डोकावायची कोण घाई! टोपीवाल्या काकांनी तर डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. जणू बागेत आलेत. मी पळी काठावर टेकवली.

"हे खोटं आहे," मी मोठ्याने म्हणाले. "इथे कुणी सरस करत नाही. हे तुम्हाला वास यावा म्हणून मामाने ठेवलंय. वर माझी मावशी राहते."

लांबून मामा जोरात खोकला.

"असेना खोटं," टोपीवाले म्हणाले, "वास तर अस्सल आहे! जरा ढवळ, फोटो काढतो."

आणि माझा हात पळीकडे गेला! सवयीने. त्या क्षणी मला माझीच शिसारी आली. पळी तेलकट, गिळगिळीत, आणि मी ती आठ रविवार धरत होते.

"मामा, इकडे ये. आज तू ढवळ."

"अगं, तुला छान जमतं!"

"ये म्हटलं ना!"

बारा माना वळल्या. आता न येऊन सांगतो कुणाला? मामा आला, हसत हसत पळी घेतली, पहिल्यांदाच पातेल्यावर वाकला. दोनदा ढवळलं. फेस बाजूला झाला, खालून केसांसकट कातडं वर आलं. मामा भिंतीला धरून भडाभडा ओकला. टोपीवाल्यांनी त्याचाही फोटो काढला.

वर खिडकी उघडली. "बघितलंस ना?" मावशी ओरडली. "उतरव ते! नाहीतर मी खाली येते, आणि मी आले तर पाहुण्यांसमोर काय बोलेन ते माझं मलाच ठाऊक नाही!"

"मग मी यांना दाखवू काय?" मामा तोंड पुसत पुटपुटला.

मी शेगडीवर पाण्याची बादली ओतली. फडक्याने एक बाजू मामाने धरली, एक मी, आणि पातेलं गटारावर उपडं केलं. पाणी गेलं. कातडं मात्र जाळीत अडकून बसलं. मामाने माझ्याकडे बघितलं.

"मी नाही," मी म्हणाले.

मग मामाने बाह्या सारल्या आणि हात घातला.