शेजारणीच्या दाराकडे वळवलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे आणि माणसांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

यवतच्या एका कुंभाराच्या भट्टीत मी भाजून निघालो. तिथून साखरबाईंनी मला दौंडच्या रेल्वे कॉलनीत आणले. त्या मूळच्या कवठे येमाईच्या. मुलगा सत्यजीत रेल्वेत लागला, म्हणून त्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. कित्येक उन्हाळे मी त्या घराला गार पाणी पाजले. शेजारच्या मालनबाई तर माझ्या पाण्यासाठी मुद्दाम यायच्या आणि तोंडभरून कौतुक करायच्या. पुढे माझा काठ फुटला, घरात फ्रीज आला आणि मी मोरीमागे जाऊन पडलो. मला कोणी विचारले नाही.

क्वार्टरच्या मागे साखरबाईंची परसबाग होती. एका वाफ्यात बटाटे, लगतच टोमॅटो. तारेच्या कुंपणापलीकडे मालनबाईंचेही टोमॅटो होते, रोपे साखरबाईंनीच दिलेली. गेल्या थंडीत आभाळ भरून राहिले आणि सकाळी धुके पडू लागले. त्यात साखरबाई रोज संध्याकाळी नळीने झाडांना वरून अंघोळ घालायच्या. पाने सुकायचीच नाहीत. अशात एकदा मालनबाई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, की मावशी, तुमच्या झाडांना काय हिरवीगार काळोखी आलीय. लगेच बटाट्याच्या पानांवर काळपट डाग दिसू लागले.

मग काय, मालनची दृष्ट लागली असे साखरबाईंनी ठरवूनच टाकले. मला मोरीमागून ओढून काढले, तव्याची काजळी फासली, चुन्याचे डोळे काढले आणि काठीवर पालथे घातले. नुसते उभे केले असते तर मी सोसले असते. पण त्यांनी माझे तोंड मालनबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवले. झाडांकडे माझी पाठ झाली. जी बाई माझे कौतुक करायची, तिच्यावरच मी दिवसभर डोळे वटारायचे! दोघींचे बोलणे बंद झाले. कुंपणावरून वाटीभर साखरही जाईना.

सून स्नेहल म्हणाली, हा करपा रोग आहे, पसरायच्या आत डागाळलेली झाडे उपटून टाकू. साखरबाईंनी तिलाच झापले. माझ्या पाठीमागे पाला सडत होता आणि त्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. समोर, माझ्या डोळ्यांदेखत, मालनबाईंच्या टोमॅटोवर तेच डाग उतरले. तेव्हा कॉलनीतल्या बायका मला नावाजू लागल्या. माठाने दृष्ट उलटवली म्हणे! असले कौतुक चुलीत घाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि दोर ओढायला मला उभे केले.

एका सकाळी मालनबाई कुंपणाशी आल्या. साखरबाई पाठ फिरवून घरात निघाल्या.

"मावशी, माझं तोंड बघायचं न्हाई तर नका बघू," मालनबाई म्हणाल्या. "पर पानं तरी उलटी करून बघा."

साखरबाई थांबल्या. त्यांनी टोमॅटोचे एक पान उलटे केले. खाली पांढरी बुरशी धरली होती. त्यांचा जन्म शेतात गेला होता, आणखी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी सगळी झाडे उपटली आणि हिरव्या फळांसकट गोणीत भरली. वाफा उकरला तर निम्मे बटाटे आतून तपकिरी निघाले. मग मातीच्या हातांनीच त्या मालनबाईंच्या दाराशी गेल्या.

"मालन, दार उघड. तुझी झाडं उपटू लागते. माझंच चुकलं."

दाराच्या फटीतून मला आतली सावली दिसत होती. मालनबाई आतच उभ्या होत्या. साखरबाई बराच वेळ थांबल्या आणि परत आल्या. मालनबाईंची झाडे उभ्या उभ्या करपून गेली.

मित्रांनो, पाणी मुळाशी घाला. बटाटे होते त्या वाफ्यात पुढच्या वर्षी टोमॅटो लावू नका. आणि पानावर डाग दिसला तर आधी ते पान उलटे करून बघा. करपलेली बाग पुढच्या थंडीत पुन्हा लावता येते. साखरबाईंनी आता नवी रोपे तयार केली आहेत, त्यातली अर्धी त्यांनी मालनबाईंसाठी वेगळी काढून ठेवली आहेत, आणि ते दार अजून बंदच आहे.