वेंकोजीची उजवी मूठ

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. माझा लाखेचा लाल रंग आता दांड्यापाशीच काय तो उरला आहे. चन्नपट्टणच्या एका काताऱ्याने मला पांढऱ्या लाकडातून घडवले, पोटात खडे भरले आणि म्हैसूरच्या बाजारात धाडले. तेव्हाचा माझा तोरा काय विचारता! कोणी नुसते बोट लावले तरी मी खुळखुळायचो.

मला विकत घेतले फत्तेसिंगरावांनी. महाराजांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे गृहस्थ. नातू झाला म्हणून स्वारी हवेत तरंगत होती. बारशाला त्यांनी मला तान्ह्या वेंकोजीच्या उजव्या तळहातावर टेकवले आणि चिमुकली बोटे गच्च मिटली.

"घोडेस्वाराची पकड आहे ही!" राव गरजले. "आपल्या घराण्याचा रिवाज ठाऊक आहे ना? वर्ष भरेपर्यंत ही मूठ कोणी सोडवायची नाही."

अहो, तळहाताला काही लागले की कुठल्याही तान्ह्याची बोटे मिटतात. त्यात शौर्य कसले? चार-सहा महिन्यांत ती पकड आपसूक सुटते. वेंकोजीची डावी सुटली, उजवी सुटेना. रात्री झोपेत मी निसटलो, की राव सकाळी मला पुन्हा तिच्यात खुपसायचे, आणि मी दिवसभर तिथे घामेजून पडायचो. खुळखुळ्याला आवाज असतो, पण हलवले तर! तो हात हलतच नसे.

हे प्रथम ध्यानात आले न्हाऊ घालणाऱ्या वेदवतीच्या. बाळ तीन महिन्यांचे असताना घंगाळावर तांब्या आदळला. दचकून त्याचा डावा हात पसरला, उजवा छातीशीच राहिला. ती तेव्हा गप्प बसली. सातव्या महिन्यात मात्र बाळाच्या आईला म्हणाली, "नोडी गिरिजम्मा, बघा ना, अंगठासुद्धा आत दडपलाय. दवाखान्यात दाखवू या. रोज हळूहळू बोटं मोकळी करू."

"मामंजींना विचारते," गिरिजाबाई म्हणाल्या.

विचारले, आणि राव भडकले. "न्हाणीतल्या बाईनं रिसाल्याच्या घराला शिकवू नये!" वेदवतीचे येणे बंद झाले. गिरिजाबाईंना सगळे कळत होते, पण सासऱ्यांपुढे बोलायची छाती होईना. त्या एकट्याच त्या मुठीचे मुके घेत आणि रडत. मला इतका राग येई की काय सांगू.

पहिल्या वाढदिवशी पाहुणे जमले. रावांनी लगाम पुढे केला. "राजा, खुळखुळा टाक आता, हा धर." मूठ सुटेना. लोक हसले. रावांनी बोटे ओढली, तसा वेंकोजी किंचाळला.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा निरोप हाताला नीट पोचत नाही. पूर्ण बरं झालं नसतं. पण आधीपासून रोज व्यायाम दिला असता, तर हात इतका आखडला नसता."

तेव्हापासून राव रोज कोमट तेल घेऊन नातवापुढे बसतात. वेंकोजी आता सहा वर्षांचा आहे, पाटीवर डाव्या हाताने लिहितो. परवा बोटे ताणताना तो कळवळला आणि त्याने वर पाहिले.

"अज्जा, तुम्ही कशाला रडता? दुखतंय तर मला."

रावांनी मिशीवरचे पाणी पुसले आणि पुन्हा तेलात बोटे बुडवली.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ असेल तर कौतुक जरूर करा, पण त्याचे दोन्ही हात नीट बघा. त्याला रोज न्हाऊ घालणारी काही सांगत असेल तर ऐका. घराण्याचा मान पुढेही मिळवता येतो. बाळाचे पहिले वर्ष पुन्हा येत नाही.