खाडीच्या अलीकडे

ताईच्या घरातला बोळ म्हणजे समुद्रकिनारा आणि गच्चीवर जाणारा जिना म्हणजे डोंगर, असे ठरले तेव्हा भाऊजींनी खुर्ची ओढून बरोबर न्हाणीघराच्या दाराशी ठेवली आणि ते तिच्यावर बसले.

"मी दीपगृह," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्यांना आता एवढंच जमेल. फक्त माझ्यावर येऊन आपटू नका."

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ज्या पायपिटीची ही तयारी चालली होती, ती मुळात त्या दोघांची होती. दीपगृहापासून निघायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचे, वाटेतल्या खाड्या ओलांडायच्या, मग आत वळून डोंगर चढायचा आणि खिंडीपलीकडच्या तळ्याशी थांबायचे, हे त्यांचे लग्नाच्याही आधीपासून ठरलेले. आधी मुले झाली. मग ताईची नोकरी. ती इस्पितळात अख्खा वॉर्ड सांभाळायची. निवृत्त झाली त्याच आठवड्यात ती तंबू विकत घेऊन आली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी भाऊजींना जिनासुद्धा जपून चढायला सांगितले. तंबू दोघांचा होता. दुसरे माणूस शोधणे भाग होते.

त्या जागेसाठी दोनच माणसे होती. एक ताईची शेजारीण. तिला सगळी गल्ली कोच म्हणते, कारण गल्लीतल्या बहुतेकांना तिनेच पोहायला शिकवले आहे. आणि दुसरा मी, निवृत्त ग्रंथपाल, ज्याला पोहता येत नाही.

माझे नाव मी पुढे केले नव्हते. मी सहसा काही मागत नाही. मागण्याआधी नकार पचवायची तयारी करतो आणि ती तयारी इतकी झकास होते की मागायचेच राहून जाते. पण किनाऱ्यांचे नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टके, डोंगरवाटांची वर्णने मी वर्षानुवर्षे वाचत आलो होतो, आणि ते ताईला माहीत होते.

"शंकोबा, बेत तू आखायचा," ती म्हणाली. लहानपणापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. "आधी सरावाची एक फेरी करू. पाठीवर सगळं सामान. जवळची खाडी ओलांडायची, पलीकडे तंबू ठोकायचा, सकाळी टेकडी चढून परत. तू सांगशील तसं मी चालेन. जमलं तर तळ्यापर्यंत तू, नाही तर कोच. वाईट वाटून घ्यायचं नाही."

"मला कशाला वाईट वाटेल?" मी म्हणालो. त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचेना.

घरात वाट मांडायची कल्पना माझी. प्रत्येक वस्तू जिथे पहिल्यांदा लागेल तिथे ठेवायची: पाण्याच्या पिशव्या आणि टोप्या बोळाच्या तोंडाशी, तंबू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, स्टोव्ह त्याच्या शेजारी, लोकरीचे मोजे आणि झोपायच्या जाड पिशव्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर. मग सॅक पाठीला लावून त्या वाटेने चालत एकेक वस्तू उचलायची. जी उचलावीशी वाटली नाही ती घरी राहील. ताई आधी खूप हसली. मग दोनदा बोळातून जाऊन आली आणि स्वतःची हवेची उशी गुपचूप कपाटात ठेवून आली.

जिन्याच्या मधल्या वळणावर तिला माझी पुस्तके सापडली.

"ही चार इथे काय करताहेत?"

"पावसात तंबूत अडकलो तर."

"तर मी आहे ना बोलायला."

"म्हणूनच."

भाऊजी खालून खोकल्यासारखे हसले. शेवटी एका पुस्तकावर तडजोड झाली, तेही पातळ.

ताई सॅक घेऊन गच्चीवर गेली तेव्हा भाऊजींनी मला जवळ बोलावले.

"एक सांगू? डोंगरात तिला खरी वेळ सांगत जा."

त्यांना काय म्हणायचे होते ते मला लगेच कळले. मी कुठलीही वेळ तासभर अलीकडची सांगतो. गाडी दहाची असेल तर नवाची सांगतो. दंतवैद्याकडे, लग्नाला, स्टेशनवर, सगळीकडे मी तासभर आधी जाऊन उभा असतो आणि बरोबरच्यांनाही उभे करतो. आपले काहीतरी चुकणारच आहे, तर त्या चुकीला जागा असावी, एवढाच हेतू.

"तिथे तासभर फुकट घालवून चालत नाही," भाऊजी म्हणाले. "अंधार पडतो, पाणी वाढतं. बेत आखणाऱ्यानं आकड्यात भीती मिसळू नये."

मला ते पटले. घरी येऊन मी सगळी गणिते नव्याने मांडली आणि प्रत्येक ठिकाणचा तो तास काढून टाकला. कोष्टक बंदराचे होते, म्हणून खाडीच्या तोंडाशी पाणी किती उशिरा उतरते ते वेगळे काढले. हिशेब स्वच्छ दिसू लागला. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. मात्र हे मी ताईला सांगितले नाही. आपण सुधारलो, हे स्वतःच्या तोंडाने सांगायला लाज वाटते.

सरावाच्या दिवशी बसने आम्हाला वाळूच्या कडेला सोडले, तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. मी ताईला म्हणालो, "खाडीवर पाचला पोचायचं."

"बरं," ती म्हणाली.

चालणे छान झाले. ओली वाळू घट्ट होती, सॅक अंगाला नीट बसली होती, आणि मी ताईच्या मागे असलो तरी फार मागे नव्हतो. ती वळून बघायची, मी हात हलवायचो. अर्ध्या वाटेवर एक बाई जाळी दुरुस्त करत बसली होती. तिला कंबर धरून उठताना पाहताच ताईची चाल मंदावली.

"कधीपासून दुखतंय?"

झाले. ताई वाळूत बसली, बाईची कंबर चाचपली, तिला उशी कुठे घ्यायची आणि वजन कसे उचलायचे ते सांगितले. मग चहा आला. मी घड्याळ पाहिले. मग ताईला दिसेल असे पुन्हा पाहिले.

"ताई, पाच."

"ऐकलं रे. चहा घे."

मी चहा घेतला. बहुधा आपणच उगीच घाई करतो आहोत, असे वाटले. मला नेहमी तसेच वाटते. म्हणून मी आणखी काही बोललो नाही.

खाडीवर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. समोर पाण्याचा रुंद, शांत पट्टा होता. पलीकडची वाळू अगदी हाताशी असल्यासारखी दिसत होती. ताईने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"छान. वेळेत आलो."

"उशिरा आलो."

"तू पाच म्हणालास. म्हणजे सहा. सहाच वाजलेत."

"पाच म्हणजे पाचच होते."

तिने मान वर केली. "तुझे पाच कधीपासून पाच असायला लागले? माझ्या लग्नात तुझ्यामुळे आम्ही रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या मोजत बसलो होतो. तेव्हापासून मी तुझ्या वेळेत एक तास घालते. सगळेच घालतात."

"या वेळी मी तो काढून टाकला होता."

"कधी?"

"घरी. गणित करताना."

"आणि मला कधी सांगणार होतास? पलीकडे गेल्यावर?"

तिने बूट गळ्यात अडकवले आणि ती पाण्यात उतरली. "गुडघ्याएवढंच आहे. चल, नाही तर अंधार होईल."

मी पाण्याकडे पाहिले. वाळलेली पाने, फेसाचे पुंजके, एक काठी, सगळे आतल्या बाजूला, डोंगराकडे चालले होते. सावकाश, पण सगळे एकाच दिशेने. भरती सुरू झाली होती. माझे कोष्टक चुकलेले असू शकत होते. खाडीच्या तोंडाचा हिशेब तर नक्कीच चुकलेला असू शकत होता. स्वतःवर माझा विश्वास नव्हता; पण त्या पाचोळ्यावर होता.

"ताई, बाहेर ये."

"कोच असती तर एव्हाना पलीकडे अंग पुसत बसली असती."

"पाठीवर सॅक घेऊन?"

ती दोन पावले आणखी पुढे गेली. पाणी तिच्या मांडीला लागले. मध्यभागी ते किती खोल असेल, ते मला सांगता येत नव्हते, आणि पुढच्या काही मिनिटांत ते कुणालाच सांगता आले नसते.

"तूच म्हणालीस ना, मी सांगेन तसं चालायचं? मी सांगतोय, आज ओलांडायचं नाही. उद्या पहाटेच्या ओहोटीला जाऊ." माझा आवाज मलाच परका वाटला. मी सॅक काढून वाळूत ठेवली. "तुला जायचं तर जा. तंबूचं कापड माझ्याकडे आहे, काठ्या तुझ्याकडे. पलीकडे काठ्या पांघरून झोप."

ताई पाण्यात तशीच उभी राहिली. मग खांदे हलायला लागले. आधी मला वाटले रडते आहे. ती हसत होती. हसतच बाहेर आली.

"वॉर्डमध्ये मला असं कुणी दटावलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिने काठ्या माझ्यापुढे टाकल्या.

आम्ही भरतीच्या रेषेपासून बरेच वर, झुडपांच्या आडोशाला तंबू उभा केला. वाळूत खुंट्या ठरत नाहीत. त्या दोरीला बांधून आडव्या पुरायच्या, असे मी वाचले होते. चारांतल्या दोन ठरल्या. उरलेल्या दोन्हींच्या जागी ताईने माझे लोकरीचे मोजे वाळूने भरून, गाठ मारून पुरले. ते जास्त पक्के बसले.

चहाचे पाणी तापेपर्यंत खाडी बदलून गेली. पलीकडची वाळू लांब सरकली. ताई जिथून मागे फिरली होती तिथे एक जुना खांब होता. त्याचे आता फक्त टोक दिसत होते, आणि मग तेही दिसेनासे झाले. ताई बराच वेळ तिकडे पाहत होती.

"मी तिथेच होते ना?"

"हो."

"परत फिरायलाही जमलं नसतं."

"कदाचित जमलं असतं," मी म्हणालो.

"आता नको ना शंका काढूस," ती म्हणाली. "चांगला ठाम होतास."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हातात भांडे होते म्हणून तिने तो वाळूवर ठेवून स्पीकर लावला. कोच होती. संध्याकाळी खुशाली विचारायची, असे त्यांचे ठरले होते.

"पोचलात का पलीकडे?"

"नाही. अलीकडेच आहोत."

"का गं? कुणाचं चुकलं?"

"दोघांचं. अर्धं अर्धं."

कोच अगदी मायेने म्हणाली, "मग कसं करायचं? मी बॅग भरायला घेऊ का?"

ताई स्टोव्हची ज्योत कमी करत बसली, जी आधीच कमी होती. ठरलेली अट सरळ होती: खाडी ओलांडायची होती, आणि आम्ही ओलांडली नव्हती. माझ्या ओठांवर वाक्य तयार होते. कोच माझ्यापेक्षा दमदार आहेत, त्यांनाच न्यावे, मला काही वाईट वाटणार नाही. वाक्य इतके घडीव होते की ते बऱ्याच दिवसांपासून तयार असणार.

मी वाळूवरचा फोन उचलला.

"मी बोलतोय."

"कोण?"

"शंकोबा."

"हं, बोला ना."

"बॅग भरू नका. तळ्यापर्यंत मी जातोय."

"नक्की?"

ताईचा हात ज्योतीवरच थांबला होता.

"नक्की," मी म्हणालो. "आज खाडी ओलांडता आली नाही. पण कधी ओलांडायची नाही ते मला कळतं. मला जायचं आहे."

"बरं झालं बाई," कोच म्हणाली, आणि पलीकडे ती आरामात टेकून बसल्याचा आवाज आला. "मला चढाचा मनापासून कंटाळा. पाण्यात कितीही वेळ ठेवा. पण तिला नाही म्हणायची कुणाची छाती?"

फोन बंद झाला. ताईने चहा दोन पेल्यांत ओतला, भरलेला पेला माझ्याकडे सरकवला आणि ती म्हणाली, "एवढे दिवस हे बोलला का नाहीस? मी वाट बघत होते."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू बघू म्हणाला असतास."

ते खरे होते.

पहाटे खाडी पार आटून गेली होती. उजाडत होते, ओल्या वाळूवर पक्ष्यांची पावले उमटली होती आणि मधोमध पाण्याची एक अरुंद पट्टी होती. आम्ही बूट गळ्यात अडकवून निघालो. पाणी गार होते, घोट्याच्या जरा वर. मध्यावर ताई बाजूला झाली.

"तू पुढे हो. तुझा वेग कळू दे मला. डोंगरात त्याच वेगानं जायचंय."

मी पुढे झालो. पलीकडच्या वाळूवर बसून पाय पुसले आणि अनवाणी पायांनाच बूट चढवले, कारण मोजे अजून वाळूने भरलेले होते. समोर टेकडी उभी होती. नकाशावर दिसली होती त्यापेक्षा चांगलीच उंच.

"उंच आहे," मी म्हणालो.

"आहेच," ताई म्हणाली. "चल."