अक्रोडाच्या कपाटातली पिवळी चकती

मित्रांनो, मी पत्त्यांच्या अड्ड्यावरची एक जुनी चकती आहे. रंगाने हळदीसारखी पिवळी, कडेला तीन हिरवे पट्टे, आणि तोंडावर 'पिनिअन क्लब, एल्को' अशी ठसठशीत अक्षरे. पोकरच्या टेबलावर कोणी नोटा मांडत नाही. खेळायला बसणारा माणूस नोटा देतो आणि आमच्यासारख्या चकत्या घेतो. उठताना उरल्या असतील तर चकत्या देतो आणि नोटा घेतो. बहुतेकांच्या उरत नाहीत. माझी किंमत पाच डॉलर.

दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात मी जन्मले. माती, रंग आणि कसलीशी भुकटी एकत्र मळून तापलेल्या पोलादी साच्यात आम्हाला दाबले. माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी एकाच घाण्यातून निघाल्या. लाकडी खोक्यात बसून आम्ही रेल्वेने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नेवाडा राज्यात आलो. एल्कोच्या स्टेशनावर खोके उतरले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि हमाल कोणाला तरी शिव्या देत होता. हा माझा पहिला दिवस.

पिनिअन क्लबात मी बरीच वर्षे राबले. मेंढपाळ येत, खाणीतले लोक येत, रेल्वेचे ब्रेकवाले येत. त्यांच्या हातांना लोकरीचा, दगडाच्या धुळीचा, तेलाचा वास असे. प्लास्टिकची चकती टेबलावर टक् वाजते. आम्ही मातीच्या, आमचा आवाज दबका आणि भरीव. तो ऐकायलाच काही म्हातारे नुसते बाजूला उभे राहत. पत्ते वाटायला व्हर्ना नावाची बाई होती. न बघता दोन बोटांनी ती आमची चळत अशी रचायची की एकही चकती बाहेर डोकावत नसे. सोमवारी सकाळी ती आम्हाला साबणाच्या पाण्यात धुऊन टॉवेलवर वाळत घालायची. एकदा एका नवख्याने हरण्याच्या तंद्रीत मला दाताखाली धरले. व्हर्ना शांतपणे म्हणाली, "बाबा, भूक लागली असेल तर पलीकडे सूप मिळतं."

मग हमरस्त्यावर पोकरची टेबले असलेली मोठी हॉटेले झाली. पिनिअनचा मालक थकला आणि क्लब बंद झाला. बंद झालेल्या क्लबाच्या चकत्या पुन्हा कोणी वटवायला आणू नयेत म्हणून त्या नष्ट करतात. माझ्या बहिणींना डब्यांत भरून नेले, आणि त्यांना काँक्रीटमध्ये गाडले असे सगळे सांगू लागले. मी त्या दिवशी चुकून व्हर्नाच्या एप्रनच्या खिशात राहिले होते. तिला मी कपडे धुताना सापडले. तिने मला शिवणाच्या डब्यात टाकले. तिथे बटणांच्या आणि रिळांच्या गर्दीत मी कित्येक वर्षे अंधारात पडून होते. बटणे वाईट नव्हती, पण त्यांना शर्टापलीकडचे काही ठाऊक नव्हते.

लेऑन इरिगोयेन माझ्या आयुष्यात आला तो असा. तो सरकारी रस्ते खात्यात बर्फ हटवायची गाडी चालवायचा. नव्याने लागला होता, नुकतेच लग्न झालेले. एका हिवाळ्यात त्याने व्हर्नाच्या दारापुढचा बर्फ आपणहून बाजूला केला. म्हातारीने पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. तेव्हा तिने डब्यात हात घालून मला काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. लेऑनने मला उलटसुलट करून पाहिले, हुंगले, पत्र्याच्या टेबलावर वाजवले. त्याचा चेहरा असा झाला की व्हर्ना म्हणाली, "घरी जा आता. बायकोला सांग, तुला सवत आली."

माझ्यापासून त्याचा संग्रह सुरू झाला. नेवाडात बंद पडलेल्या लहान लहान क्लबांच्या चकत्या तो शोधू लागला. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या गॅरेजमधून, कधी जुन्या कोटाच्या अस्तरातून. टोनोपाहच्या आल्या, इलीच्या आल्या, आता नकाशावरही नसलेल्या गावांच्या आल्या. त्याने अक्रोडाच्या लाकडाचे कपाट स्वतः बनवले. त्याला उथळ खण केले आणि प्रत्येक खणात हिरवे मखमली कापड बसवले. वरच्या खणात मधोमध मी. मला त्याने पारदर्शक प्लास्टिकच्या गोल डबीत बंद केले. दुसरी पिनिअनची चकती जगात कुठेच नाही, असे दूरदूरचे जाणकार येऊन सांगून गेले. मी शेवटची होते.

मित्रांनो, शेवटचे असणे ऐकायला छान वाटते. लोक वाकून पाहतात, श्वास रोखतात. पण त्या डबीतून मला कोणाच्या बोटांची ऊब लागत नव्हती. वाजायचा तर प्रश्नच नव्हता. बहिणींची आठवण आली की वाटायचे, त्यांच्याबरोबर काँक्रीटमध्ये गेले असते तर निदान सोबत तरी असती.

लेऑन आणि त्याची बायको डॉरीन गावाच्या कडेला पत्र्याच्या, चाकांवरच्या घरात राहत होते. ते घर भाड्याचे आणि जागाही भाड्याची. डॉरीन स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या एका खाणावळीत स्वयंपाक करायची. मोठमोठ्या पातेल्यांत लसणाचे सूप, घेवडा आणि मेंढीचे मटण शिजवून ती संध्याकाळी घरी येई, आणि वाऱ्याने पत्रा थडथडत असला की कपाटाकडे बघून म्हणे, "तुझ्या चकत्या अक्रोडाच्या घरात राहतात आणि मी डब्यात." लेऑन हसायचा. सांगायचा, ही आपली म्हातारपणाची सोय आहे. हे तो तरुणपणापासून सांगत आला होता. आता दोघांचेही केस पिकले होते आणि स्वतःचे घर एकदाही झाले नव्हते.

त्या वर्षी उन्हाळ्यात जागेच्या मालकाने जमीन विकली. सगळ्यांनी हिवाळ्याच्या आत हलायचे होते. त्याच सुमारास डॉरीनला एक घर दिसले. रेल्वेच्या रुळांजवळचे, दोन खोल्यांचे, विटांचे, मागे सफरचंदाचे एक झाड असलेले. तिने ते आधी बाहेरून पाहिले, मग आतून, मग पुन्हा बाहेरून. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी भरायची रक्कम दोघांच्या बचतीत बसत नव्हती. बराच मोठा फरक पडत होता.

 चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी ताटे धुताना डॉरीन म्हणाली, "विक असं मी म्हणणार नाही. पण किंमत तर काढून घे."

लेऑन म्हणाला, नको. ती म्हणाली, का नको? तो बराच वेळ कपाटाचा खण नुसता उघडत आणि मिटत राहिला.

"काही निघालीच नाही तर?" तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं तुला सांगत आलो, सोय आहे म्हणून. उद्या कोणी म्हणालं ह्या मातीच्या टिकल्या आहेत, तर कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर बसू?"

"ह्याच," डॉरीन म्हणाली. "दुसरं आहे का तुझ्याकडे?"

मित्रांनो, मी त्या वरच्या खणात पडून ऐकत होते. इतकी वर्षे मला वाटत होते की हा माणूस आमच्यावरच्या मायेने आम्हाला विकत नाही. माया होतीच. पण त्याहून मोठी भीती होती, आणि ती त्याने कपाटात आमच्या खाली दडवून ठेवली होती.

रीनोहून हॉलबर्गबाई आल्या. चकत्यांच्या व्यवहारात त्यांचा शब्द मोठा मानत. त्या दिवसभर बसल्या. प्रत्येक चकतीची कड नखाने तपासली, भिंगातून अक्षरे पाहिली. दुपारी डॉरीनने वाढलेले मटण अगदी मन लावून खाल्ले आणि पुन्हा कामाला बसल्या. संध्याकाळी त्यांनी आकडा सांगितला. लेऑनने बढाई मारताना सांगितला होता तेवढा तो नव्हता, पण घर होऊन बरेच उरेल एवढा होता. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा माझा एकटीचा. त्या म्हणाल्या, शनिवारी चेक घेऊन येते. त्या गेल्यावर लेऑन पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. डॉरीन त्याच्या शेजारी बसली. 

गुरुवारी लेऑनचा मित्र चुय आला. तो जुन्या इमारती पाडायचे काम करायचा, आणि त्या आठवड्यात पिनिअन क्लबाची इमारत पाडत होता. तो हसतच आत शिरला. "लेऑन, तुझ्या पिवळीचं सगळं खानदान सापडलं. मागच्या भिंतीत, पत्र्याच्या डब्यांत. बादल्या भरतील इतक्या. इमारतीचा नवा मालक म्हणतो, हव्या तेवढ्या न्या."

माझ्या बहिणी जिवंत होत्या. त्या क्षणी मला काय वाटले ते सांगायला मातीच्या चकतीजवळ शब्द नाहीत. पण लेऑनचा चेहरा उतरला होता. पिवळी आता शेवटची उरली नाही, हे चुयला जरा उशिरा उमगले. तो खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी गप्प बसतो. माझी कामावरची पोरंही गप्प बसतील. शनिवार होऊन जाऊ दे."

चुय गेल्यावर लेऑनने सगळे डॉरीनला सांगितले. तिने हातातला कांदा खाली ठेवला.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मला ते घर हवंय. सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची कुठे ठेवायची ते पण ठरवून झालंय माझं." तिने कांदा पुन्हा उचलला. "पण तिथे बसून फोन वाजला की दचकायचं असेल, तर हा पत्रा काय वाईट होता."

लेऑनने फोन उचलला. हॉलबर्गबाईंना त्याने सगळे सांगितले. भिंत, डबे, बादल्या, काही लपवले नाही. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. फोन ठेवून त्याने डॉरीनला सांगितले, की बाई म्हणाल्या, असे फोन मला व्यवहार झाल्यावर येतात, आणि करणारा नेहमी दुसराच कोणी असतो. पिवळी चकती वगळून बाकीचा भाव कायम. शनिवारी येते.

मला वगळल्यावर आकडा थोडा कमी पडत होता. शनिवारी हॉलबर्गबाईंनी चेक लिहायला घेतला आणि थांबल्या. त्यांनी अक्रोडाच्या कपाटावरून हात फिरवला. हे कोणी बनवले म्हणून विचारले. लेऑन म्हणाला, मीच. त्यांनी कपाटाचीही किंमत केली, आणि ती दयेपोटी केलेली नव्हती. खण कसे सरकतात ते त्यांनी तीनदा पाहिले. कमी पडत होते ते त्यात भरून निघाले. अशा रीतीने, मित्रांनो, आमच्या घरातून त्यांचे घर झाले.

टोनोपाह, इली आणि नकाशावर नसलेली गावे गाडीत बसून रीनोला गेली. लेऑन रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. परत येईल तेव्हा त्याचे डोळे लाल असतील असे मला वाटले होते. पण तो आला तो लांब ढांगा टाकत. डॉरीनला म्हणाला, "खूप भूक लागलीय." आणि जेवून जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला.

पहिला बर्फ पडायच्या आधी ते विटांच्या घरात गेले. मी लेऑनच्या शर्टाच्या खिशात बसून गेले. पहिल्या शुक्रवारी चुय आणि त्याची बायको जेवायला आली. येताना चुयने पत्र्याचा एक डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. माझ्या बहिणी. धुळीने माखलेल्या, काहींच्या कडा फुटलेल्या, पण त्याच. लेऑनने सुरीच्या टोकाने माझी डबी उघडली. इतक्या वर्षांनी मला माणसाच्या अंगठ्याची ऊब लागली. त्याने मला क्षणभर धरले, टेबलावर एकदा वाजवले आणि त्या ढिगात सोडून दिले. मग डॉरीनने पत्ते पिसले.

सुरुवातीला मी स्वच्छ होते म्हणून वेगळी दिसायचे. हिवाळा सरेपर्यंत माझ्यावरही सगळ्यांच्या हातांचा मळ बसला. आता ह्या घरात दर शुक्रवारी पोकर असतो. पैशांचा नाही, ताटे कोणी धुवायची त्याचा. डॉरीन फार चांगली खेळते, आणि इतकी वर्षे तिने हे कोणाला कळू दिले नव्हते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे एखादी आवडती वस्तू असेल तर ती जरूर सांभाळा. धुवा, पुसा, पावसात टाकू नका. पण अधूनमधून तिला हातात घ्या आणि ती ज्या कामासाठी जन्मली ते काम तिला करू द्या. आणि जिच्यामुळे घरातले माणूस अवघडून बसले असेल, तिला खुशाल जाऊ द्या. तिला राग येणार नाही. मला विचाराल तर तिला हायसेच वाटेल.

परवाच्या शुक्रवारी डॉरीनने हातात नुसती दुर्रीची जोडी असताना भारी पत्ते असल्याची थाप मारली आणि मला पुढे सरकवले. चुयला ती कळली. मी त्याच्या ढिगात गेले. लेऑन सफरचंद चिरत होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही.