जोड्यांची यादी

“कारण काय लिहू, बाई?” दाखल्याच्या फॉर्मवर पेन टेकवून सीतारामने विचारलं.

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेत तो बावीस वर्षं कारकून होता. शाळा सोडण्याचं कारणही तो चहात साखर किती, अशाच सुरात विचारायचा. कल्याणीबाईंनी फॉर्मवर हात ठेवला. समोर त्यांच्या आठवीच्या वर्गातल्या आलियाचे वडील, शकीलभाई, हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.

“शकीलभाई, अजून आठ दिवस पाहू या ना. मी स्वतः लक्ष घालते.”

“तुम्ही लक्ष घातलंच होतं की, बाई,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच झोंबलं.

महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात. मग आठवीला तीसेक नवी मुलं या शाळेत येतात आणि जिना कुठला, प्रयोगशाळा कुठली, कोणत्या सरांपुढे तोंड उघडायचं नाही, यातच त्यांचा महिना जातो. त्यांच्यासाठी कल्याणीबाईंनी ‘जोडी’ काढली होती. प्रत्येक नव्याशेजारी एक जुना बसवायचा. नव्याजवळ नवा बसवायचा नाही. नवा नव्याला काय दाखवणार, कप्पाळ! बाईंचा या यादीवर भारी जीव. एक अख्खा रविवार घालवून त्या नावाशी नाव जुळवत बसत.

प्रवेशाच्या दिवशी शकीलभाईंनी सांगितलं होतं, “बिबवेवाडीहून एवढ्या लांब पाठवायला हिच्या अम्मीची ना होती. वल्लरी सोबत आहे म्हणून तयार झाली. पहिलीपासून एका बाकावर बसतात दोघी.” बाईंनी हसून मान डोलावली होती. आणि शाळा सुरू झाली त्याच दिवशी वल्लरीला पुढे बसवलं आणि आलियाला शेवटच्या बाकावर, रुकसानाशेजारी.

“बाई, आम्ही दोघी एकत्र...”

“अगं, रुकसाना तुमच्यातलीच आहे. तुला सोपं जाईल.”

सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, आणि मायेनं म्हणाल्या. रुकसाना जुन्यांपैकी, कोंढव्याची, अबोल, सदा पुस्तकात डोकं खुपसलेली. आलिया बडबडी, खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी. तोवर पोरांच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट बाईंनी त्यांना नेमकी दाखवून दिली. चौथ्या दिवशी तो ‘त्यांचा बाक’ झाला. मधल्या सुट्टीत कुणाचा डबा तिकडे सरकेना. वल्लरीची जोडी मात्र झकास जमली. दुसऱ्या आठवड्यात ती जोडीदारणीच्या व्हॅनमधून येऊ लागली. आलिया बसने एकटीच येत राहिली आणि मग येईनाशी झाली.

बाईंना जाळत होतं ते वेगळंच. याच शाळेत, पाचवीत, त्यांना हिराशेजारी बसवताना तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, “एकाच वस्तीतल्या ना गं तुम्ही? जमेल तुमचं.” कल्याणी दांडेकर पुलाजवळची, हिरा येरवड्याची. त्या बाईंनी नुसती आडनावं वाचून जात ताडली होती. त्या रात्री कल्याणी जेवली नव्हती. आपण बाई झालो तर असं कुणाला करायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आणि केलं काय, तर तेच, वर गोड आवाजात.

“आलिया काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. शिलाई शिकते म्हणते. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसेल.” शकीलभाई उठले. “तुमची तक्रार नाही केली तिनं. बाई चांगल्या आहेत, म्हणते.”

“पालकांची विनंती,” कल्याणीबाई सीतारामला म्हणाल्या. तेवढंच त्या रेघेवर मावत होतं. त्यानं लिहिलं आणि शिक्का मारला.

तिसऱ्या तासाला त्या आठवी ‘ब’वर गेल्या. हजेरीत आलियाच्या नावावर त्यांनी रेघ मारली. तास संपल्यावर रुकसाना टेबलाशी आली.

“बाई, मी तिला सगळं दाखवलं होतं. प्रयोगशाळा, पाण्याचे नळ, ग्रंथालय. माझं काय चुकलं?”

“तुझं काही नाही गं. माझं चुकलं.”

रुकसानानं ऐकून घेतलं, पण तिला पटलेलं दिसलं नाही. ती मागे गेली आणि अर्धा बाक मोकळा ठेवून कडेला बसली.