फिती सोडणारा थर्मन

शंभर मैल एका दमात पळणं हा आमच्या कोलोरॅडोत एके काळी वेडेपणा होता, आता फॅशन आहे. माझ्या नवऱ्यानं, थर्मननं, ही डोंगरातली शर्यत सुरू केली तेव्हा माणसं गोळा करायला तो दारोदार फिरायचा. आता देशभरातून इतके अर्ज येतात की सोडत काढावी लागते. सोडतीत वशिला नाही आणि छातीवर नंबर नसेल तर शेवटची कमान ओलांडायची नाही, हे नियम साहेबांनीच केलेले. मग साहेबांचंच नाव वर्षानुवर्षं निघेना. भोगा.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्याआधी एकदा ती वाट पुरी करायची, एवढंच त्याच्या डोक्यात. म्हणून त्यानं सगळ्यांच्या मागून चालत, वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडायचं काम घेतलं. त्याला सोडत नसते, कारण ते कुणालाच नको असतं. फक्त शेवटच्या माणसानं शर्यत सोडली, तर त्याला घेऊन गाडीनं परतायचं. हाही नियम याचाच.

शर्यत सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या थांब्यावर मी उकडलेले खारे बटाटे घेऊन उभी. शेवटचा गडी आला, डेन्व्हरचा प्रेस्टन. अंगावर अख्खं दुकान. मागे थर्मन लंगडत, हातात फितींचा गुंता.

"मावशी, खुर्ची द्या ना जरा," प्रेस्टन म्हणाला.

खुर्ची माझ्या पाठीमागेच होती. पण इथं बसलेला माणूस पुन्हा उठत नाही.

"खुर्च्या संपल्या. बटाटा खा."

"मी सोडतोय. पाय गेले माझे."

"सोड की. तुझ्या जागेसाठी लोक वर्षभर रडले, तू आपला गाडीत बस. या म्हाताऱ्याचा गुडघा पुढच्या आठवड्यात कापायचाय, त्यालाही तुझ्यासोबत बसवते. एसी लावू का?"

"व्हर्ना, पोराला बोलू नकोस," थर्मन म्हणाला.

"तू गप. बटाटा खा."

प्रेस्टननं थर्मनच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मनात मला शिव्या घातल्या आणि चालू लागला.

मी गाडीनं गावात येऊन कमानीपाशी थांबले. वेळ संपता संपता प्रेस्टन कमानीतून गेला. आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळ्या शेवटच्याला, पहिल्याला कोण विचारतो. मागून थर्मन आला, कमानीची फीत सोडली आणि बाजूनं वळसा घालून माझ्याकडे आला.

"दोनच पावलं होती रे."

"नंबर नाही."

रागानं की कशानं, माझे डोळे भरून आले. मी गाडीतून खुर्ची काढली.

"बस आता."

तो बसला. त्याला उठवायला प्रेस्टनला बोलवावं लागलं.