राहीबाईच्या खिडक्या

सुभेदार आकाराम पेन्शनीवर आला आणि १९७४च्या उन्हाळ्यात इस्लामपूरजवळच्या आपल्या गावात त्यानं पक्कं घर बांधायला काढलं. विटा, वाळू, गवंडी हे सगळं त्याच्याकडे. खिडक्या मात्र त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, मागून घेतल्या.

नवऱ्याच्या बदल्यांबरोबर ती अंबाल्याला राहिली होती, जबलपूरला राहिली होती. जाईल तिथलं डोळ्याला गोड वाटलेलं काहीतरी तिच्या ट्रंकेत येऊन पडायचं. साबणाचं वेष्टण, चहाच्या डब्याचं झाकण, कोपऱ्यात वेल छापलेलं लेटर पॅड. ही रद्दी वाहायला सरकार पगार देत नाही, असं आकाराम दर बदलीला कुरकुरायचा आणि ट्रंक स्वतःच उचलायचा.

इस्लामपुरात चिंतामणचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याच्याकडे ग्रिलचे तीनच नमुने भिंतीला टांगलेले: कमळ, मोर आणि उगवता सूर्य. त्यातही सूर्याला मागणी फार. त्या वर्षी गावात नवं घर म्हटलं की खिडकीत सूर्य ठरलेला. राहीबाईनं तिन्ही नमुने नीट पाहिले आणि लेटर पॅडचा कागद पुढं ठेवला.

"वहिनी, ही कागदावरची वेल आहे," चिंतामण म्हणाला. "लोखंड असं वळत नाही."

"वळवून तर बघू. न्हाईच वळलं तर तुमचा सूर्य हायच की."

वेल वळली. खिडकीला बसलीही. गाव बघायला आलं, वाहवा करून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मांजर दोन पानांच्या मधून आत आली, दूध पिऊन त्याच वाटेनं बाहेर पडली. गवंड्यानं तर बाहेरून खांद्यापर्यंत हात घालून दाराची कडी काढून दाखवली. सगळे हसले. आकारामनं सरळ उभे गज ठोकून मोकळं व्हायचं ठरवलं.

राहीबाईला वाईट वाटलं, पण ती खचली नाही. बराच वेळ खिडकीसमोर उभी राहिली. कागदावर पानांमधली मोकळी जागा शोभते, घराला ती परवडत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "पर गज नगं. जरा दम धरा."

पुढच्याच आठवड्यात पेन्शनच्या कामाला दोघं साताऱ्याला गेली. आकाराम कचेरीत अडकला आणि ती स्टँडजवळच्या कासाराच्या दुकानापुढं रेंगाळली. दांड्यांवर बांगड्या ओवून ठेवल्या होत्या. बाजूनं बघितलं की एका कड्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. बोट जाईल एवढी जागा कुठं नाही, तरी उजेड आरपार येत होता. कासारानं माप विचारलं.

"ल्हान, मधली, मोटी, समद्या मापाची एकेक द्या. हातात घालायच्या न्हाईत."

आकाराम आला तेव्हा बायको दुकानाच्या पायरीवर बसली होती. वेलीच्या कागदावर बांगड्या मांडून ती पेन्सिल फिरवत होती. हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं.

"खिडकी हाय," ती म्हणाली, आणि मान वर केली नाही.

या खेपेला चिंतामणनं वाद घातला नाही. पाण्याच्या पाइपाभोवती सळई वळवून त्यानं बांगड्यांसारखी गोल कडी केली आणि एकात एक गुंतवून पानांच्या मधे बसवली. मांजर आली, बाहेरच बसून राहिली. सकाळच्या उन्हात फरशीवर कड्यांची सावली पडायची. आकारामनं आपली खुर्ची तिथं ओढून घेतली.

दिवाळीच्या सुमारास राहीबाई दुकानात गेली, तर भिंतीवर चौथा नमुना टांगलेला. तिचीच वेल, तिचीच कडी. चिंतामणनं कौतुकानं सांगितलं की याला सुभेदारीण डिझाइन म्हणतात, सूर्य आता कुणी विचारत नाही. तिला आधी बरं वाटलं. मग डोळ्यापुढं सगळं गाव आलं, घराघरात तीच वेल.

"ह्यो काढा," ती म्हणाली. "ह्यो माज्या घरचा. दुसऱ्याला दुसरा मी काढून देती."

लोकांना बघितलेलंच हवं असतं, असं चिंतामण म्हणाला.

"त्यास्नी दुसरं दावलंय कुनी?"

चिंतामणनं नमुना उतरवला. तेव्हापासून दर बाजाराला राहीबाई दुकानात बसू लागली. गिऱ्हाइकाला ती एकच सांगायची: घरातली बघायला आवडणारी एखादी वस्तू घेऊन या. कुणी लुगड्याचा काठ आणला, कुणी कुंकवाचा करंडा.

गावातली हरणाबाई मात्र रिकाम्या हातानं आली. आमच्यात बघण्यासारखं काही नाही, सूर्यच घाला म्हणाली. राहीबाई उठली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेली. पुढचा सोपा पाहिला, भिंतीतली देवळी पाहिली आणि परसात जाऊन उकिडवी बसली. समोर कोंबड्या झाकलेलं डालगं होतं. बांबूच्या पट्ट्यांचं, सहाकोनी भोकांचं.

"आवं, ते कोंबड्याचं डालगं हाय," हरणाबाई ओशाळून म्हणाली.

"व्हय. किती सरळ इणलंय. कुनी इणलं?"

"मीच."

"मग खिडकी तुमचीच झाली. मी निस्ती कागदावर उतरून घेती."

ग्रिल तयार होत होतं त्या दिवशी हरणाबाई दुकानात येऊन उभी राहिली. मग पुढं होऊन तिनं चिंतामणला थांबवलं आणि ही पट्टी वरून नाही, खालून जाते, असं बोटानं दाखवलं. चिंतामणनं राहीबाईकडं पाहिलं.

"माज्याकडं काय बघता?" राहीबाई म्हणाली. "खिडकी त्यांची हाय."

त्यानं पट्टी सोडवली आणि खालून घातली.